बिबट्या वावरात असताना

एप्रिल उजाडला की जळगावचा पारा 44 च्या घरात जातो. सातपुड्याच्या उतारावरचा साग तोवर पानगळीने उघडा पडलेला असतो, नाल्यांत दगडांखेरीज काही उरत नाही. त्याच दिवसांत डोंगराच्या पायथ्याला, रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात, ठिबकवरच्या केळीच्या बागा गार, ओल्या आणि भर दुपारी अंधाऱ्या असतात. जनावर कुठे जाईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-सुकळीच्या बाजूला तर पट्टेदार वाघही केळीच्या बागांत मुक्काम करत असल्याच्या नोंदी आहेत. त्या परिसरातल्या सुमारे 122 चौरस किलोमीटर जंगलाला 2014 मध्ये 'मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र' असा दर्जा मिळाला. पण राखीव क्षेत्राची हद्द कागदावर असते आणि वाघाला सात-बारा वाचता येत नाही.

बिबट्याचं तर विचारायलाच नको. मृगबाग असो की कांदेबाग, केळी वर्ष-दीड वर्ष उभी राहते. पिलबाग धरली तर आणखी. गिरणेच्या खोऱ्यात ऊस आहे, आता खरिपात माणसापेक्षा उंच मका आहे. आडोसा बारमाही, पाणी जवळ, आणि खायला गावची कुत्री, डुकरं, शेळ्या. अशा ठिकाणी जन्मलेल्या बिबट्याच्या पिल्लाने यावलचं अभयारण्य कधी पाहिलेलंही नसतं. तेव्हा 'जंगलातून वाट चुकून आलेला बिबट्या' ही बातमीतली भाषा आपण आता सोडून द्यावी. तो वाट चुकलेला नाही, तिथलाच आहे. पुढची सगळी व्यवस्था हे धरूनच करायला हवी.

आधी पाहा, बळी कोण पडतं

2017 साली चाळीसगाव तालुक्यात, गिरणाकाठी, एका बिबट्याने एकामागून एक माणसं मारली. ऐन कापूस वेचणीत बाया वावरात जायला तयार होईनात. अखेर डिसेंबरात वरखेडे परिसरात त्याला गोळी घालावी लागली. बळी गेलेल्यांत शेतात काम करणाऱ्या बाया होत्या, लहान मुलं होती. 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये यावल तालुक्यात बिबट्याने लहान मुलं उचलली. त्यातलं एक शेतमजुराचं होतं, दुसरं मेंढपाळाच्या वाड्यातलं.

ही उदाहरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यात भरते. बिबट्या बागायतदाराच्या बागेत राहतो, पण त्याची किंमत मोजतो तो त्या बागेत झोपडी घालून राहणारा पावरा सालदार, नाहीतर खतासाठी वावरात मेंढ्या बसवायला बोलावलेला ठेलारी. ज्याच्या घराला दार नाही, त्याचं पोर जातं. म्हणून या लेखातला पहिला आणि सर्वात लांब सल्ला मजुराला नाही, मालकाला आहे.

तुमच्या वावरात कोणी कुटुंबासह राहत असेल तर त्याच्या झोपडीकडे एकदा संध्याकाळी जाऊन पाहा. पऱ्हाट्या-तुराट्यांचा कूड आणि दाराच्या जागी लोंबणारी गोणपाटं किंवा जुनी साडी बिबट्याला अडवत नाही. पक्की खोली बांधून देणं उत्तम. ते जमेपर्यंत निदान पत्र्याच्या चार भिंती, आतून कडी लागणारं दार आणि दारावर एक सौर दिवा एवढं तरी याच हंगामात व्हायला हवं. झोपडी केळीच्या ओळीला खेटून नको. आजूबाजूची पंचवीस-तीस फूट जागा निंदून मोकळी ठेवा, म्हणजे जनावराला लपून जवळ येता येणार नाही.

इथे एक अडचण आहे आणि तिच्याकडे काणाडोळा करून दिलेला सल्ला फुकट जातो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत झोपा, असं सांगणं सोपं आहे. झोपणं अशक्य आहे. माणसं हवेसाठी अंगणात खाट टाकणारच. तेव्हा खोलीपुढे ओटा करा आणि तो चारही बाजूंनी आणि वरूनही वेल्डमेशच्या जाळीने बंद करा. वरून हे महत्त्वाचं, कारण सहा-सात फुटांची उघडी जाळी बिबट्या सहज ओलांडतो. हवा येते, जनावर येत नाही. एका हंगामाच्या फवारणीच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. मी हे केळी पिकवणाऱ्यांना मुद्दाम सांगतो, कारण जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा अभिमान आपल्याला आहे आणि ती केळी ज्यांच्या हातांनी कापली जाते त्यांची पोरं उघड्यावर झोपतात.

संडासाचंही तसंच. पहाटे आणि तिन्हीसांजेला डबा घेऊन नाल्याकडे बसायला जाणं ही बिबट्याच्या भागातली सर्वात धोक्याची वेळ आणि सर्वात धोक्याची स्थिती. खाली बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही, उंचीने शेळी-कुत्र्यात जमा होतो. निंदणी करणाऱ्या, गवत कापणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांवर हल्ले होतात त्यामागेही हेच कारण आहे. मजुरांच्या वस्तीजवळ एक साधा संडास उभा केलात तर निम्मा धोका तिथेच टळेल.

मुलांच्या बाबतीत नियम कडक हवेत. बांधावरच्या झाडाला झोळी बांधून आई दोन ओळी पुढे निंदायला गेली, असं होता कामा नये. टोळीत दहा बाया असतील तर एकीने त्या दिवशी फक्त पोरं सांभाळावी आणि तिची मजुरी मालकाने कापू नये. दिवस मावळायच्या आत मुलं खोलीत. शाळेची वाट बागांमधून जात असेल तर मोठ्या माणसासोबत, घोळक्याने, मोठ्याने बोलत जावं. वाटेच्या दोन्ही अंगांचं गवत-झुडूप ग्रामपंचायतीने काढून ठेवावं.

मेंढपाळांचा वाडा वावरात बसला असेल तर त्यांच्या तंबूतली मुलं मधोमध झोपतील, भोवती मोठी माणसं, त्यांच्याभोवती मेंढ्यांची वाघर आणि कडेला कुत्री, ही त्यांची रीत त्यांना आपल्यापेक्षा चांगली माहीत आहे. त्यांना कमी पडतो तो उजेड. चार सौर कंदील आणि या भागात नुकताच बिबट्या दिसला का याची खरी माहिती देणं, ही धान्याइतकीच त्यांची हक्काची गोष्ट समजा.

रात्रीची लाईट

शेतीपंपांना फिरत्या वेळापत्रकाने वीज मिळते आणि पाळी रात्रीची आली की माणसाला अंधारात वावरात जावंच लागतं. 'रात्री शेतात जाऊ नका' हा सूचनाफलक लावणाऱ्या खात्याने आणि रात्री वीज देणाऱ्या कंपनीने एकदा समोरासमोर बसायला हवं. बिबट्याचा वावर असलेल्या गावांना दिवसा वीज द्या, असा ग्रामसभेचा ठराव करून तो वनविभाग, महावितरण आणि तहसीलदार या तिघांनाही द्यावा. एकट्याचा अर्ज बाजूला पडतो, ठरावाला उत्तर द्यावं लागतं.

तोवर करायचं ते असं. पंपाला मोबाईल स्टार्टर बसवा, म्हणजे निदान मोटर चालू-बंद करायला जावं लागणार नाही. ठिबकचे व्हॉल्व्ह बागेच्या पोटात असतील तर पुढच्या लागवडीला ते बांधावर, मोकळ्या जागी काढून घ्या. व्हॉल्व्ह बदलताना माणूस वाकतो आणि वाकलेल्या माणसाची गोष्ट वर आलीच आहे. जायचंच असेल तर दोघांनी जा, जाड काठी आणि लांब पल्ल्याची बॅटरी घ्या, मोबाईलवर गाणी लावा. बिबट्या माणसाला टाळतो, पण त्यासाठी माणूस येतोय हे त्याला आधी कळलं पाहिजे. अचानक समोरासमोर गाठ पडणं हेच टाळायचं आहे.

रात्रीच्या पाण्याला बिबट्याहून मोठा धोका पायाखाली असतो. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बिबट्याची बातमी होते, मण्यार-घोणसाची होत नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि बॅटरी हा त्यावर अर्धा उपाय. मण्यार रात्री झोपेत चावते आणि जखम दिसतही नाही, म्हणून जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं. चावल्यावर आवळपट्टी, चिरा, चोखणं, भगताकडे नेणं यातलं काहीही नको. हात-पाय हलू न देता सरळ 108 ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी दवाखान्यात न्या.

बिबट्या समोर आलाच तर

पळू नका. पाठ फिरवू नका. खाली बसू नका, वाकून दगडही उचलू नका. ताठ उभं राहून हात वर करा, मोठ्या आवाजात बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच सावकाश मागे सरा. सोबत लहान मूल असेल तर त्याला खांद्यावर घ्या. बिबट्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

भागत नाही ते आपल्या गर्दीमुळे. गावात बिबट्या शिरल्याचं कळलं की तासाभरात दोनशे-तीनशे माणसं जमतात, पोरं झाडावर चढून शूटिंग करतात, कोणी दगड मारतो. लपून अंधाराची वाट पाहणारं जनावर मग कोंडीतून सुटण्यासाठी अंगावर येतं आणि चार-पाच जण जखमी होतात. दुसऱ्या दिवशी छापून येतं, बिबट्याचा पाच जणांवर हल्ला. अशा वेळी सरपंच आणि पोलीस पाटलांचं पहिलं काम गर्दी हटवणं हेच. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा, माणसांना घरात पाठवा, त्याला बाहेर पडायला एक बाजू मोकळी ठेवा. रात्र झाली की तो निघून जातो.

विहिरीत पडलेल्या बिबट्यालाही हेच लागू. दोर लावून एक बाज खाली सोडा, तो तिच्यावर बसून राहील. पथक येईपर्यंत काठावर कोणी थांबू नका. आणि मुळात विहिरीला कठडा बांधा. तिच्यात जितके बिबटे पडतात त्याहून अधिक गुरं आणि माणसं पडतात.

दिसलेलं प्रत्येक जनावर बिबट्या नसतं, हेही लक्षात ठेवा. तडस, रानमांजर, कधी नुसतं मोठं कुत्रं. ओल्या मातीत ठसा पाहा. मांजरकुळातला प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. तडस आणि कुत्र्याच्या ठशात ती दिसतात. ठशाशेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून फोटो काढा आणि वनरक्षकाला पाठवा. गावाच्या ग्रुपवर मात्र तो टाकण्याआधी थांबा. दुसऱ्याच जिल्ह्यातली, किंवा यंत्राने बनवलेली चित्रं 'आपल्या शिवारात' म्हणून फिरतात आणि तीन दिवस मजूर कामावर येत नाहीत.

ऊसतोडीत किंवा बाग कापताना पिल्लं सापडली तर त्यांना हात लावू नका, घरी आणू नका. तिथली तोड थांबवा, माणसं मागे घ्या, वनविभागाला कळवा. आई जवळपासच असते आणि रात्री पिल्लं घेऊन जाते. पिल्लं हलवली तर ती शोधत वस्तीपर्यंत येते, आणि त्या रात्रीची बिबटी खरोखर धोकादायक असते.

पिंजरा लावा, ही मागणी

बिबट्या दिसला की गावाची पहिली मागणी पिंजऱ्याची असते. माणसावर हल्ला करणारं जनावर पकडायलाच हवं, त्यात वाद नाही. पण नुसता दिसला म्हणून पकडणं अंगाशी येतं. पुणे जिल्ह्यात जुन्नरला 2001 ते 2003 या काळात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले आणि त्याच काळात माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून या दोन गोष्टींचा संबंध पुढे आला. एक बिबट्या उचलला की त्याची मोकळी जागा दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी, घेतो. उचललेला जिथे सोडतात तिथे तो अनोळखी मुलखात बिथरतो, नाहीतर परत निघतो. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं. तिथून शंभराहून अधिक किलोमीटर चालत, हमरस्ते आणि रेल्वेमार्ग ओलांडत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, आणि वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. 'आजोबा' नावाचा सिनेमा त्याच्यावरच निघाला. ज्या बिबट्याने आपल्या शिवारात वर्षानुवर्षं फक्त कुत्री मारली, तो माणसं ओळखून चुकलेला बिबट्या आहे. त्याला हलवून अनोळखी आणण्यात गावाचा फायदा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी गावाने जनावराचं खाणं कमी करावं. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वात मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा निघाला. आपल्याकडे वेगळं असायचं कारण नाही. मेलेली गुरं नाल्यात फेकणं, चिकनच्या दुकानांची आतडी-पिसं गावाबाहेरच्या वळणावर टाकणं, हे आधी बंद झालं पाहिजे, कारण तिथे कुत्री आणि डुकरं जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. मेलेलं जनावर खोल पुरा. पाळीव कुत्रं रात्री दारात साखळीने बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला दारात बोलावणं आहे. त्याला आत घ्या.

गोठ्याला छप्पर आणि चारी बाजूंनी जाळी हवी, खिडक्यांना गज हवेत, दार खालून उकरता येणार नाही असं हवं. शेळ्यांसाठी हे जास्त काटेकोरपणे पाळा. म्हैस-बैल सहसा झेपत नाहीत, पण वासरू आणि शेळी सहज जाते, आणि उघड्या कुंपणात शिरलेला बिबट्या घाबरलेल्या कळपात एकाऐवजी पाच शेळ्या मारून जातो.

रानडुक्कर, रोही आणि वानरं हा शेतकऱ्याचा रोजचा त्रास बिबट्याहून कितीतरी मोठा आहे, आणि वैतागातूनच कुंपणात थेट वीज सोडण्याचा प्रकार होतो. त्यात डुक्कर मरतं, बिबट्या मरतो आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. आकडा टाकून तारेत वीज सोडणं म्हणजे वीजचोरी, वन्यजीव कायदा आणि मनुष्यवध अशा तीन बाजूंनी अंगावर येणारा गुन्हा आहे. सौर बॅटरीवरची झटका मशीन वेगळी. ती ठराविक अंतराने क्षणभर झटका देते, त्याने जनावर मागे फिरतं, मरत नाही. वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं, वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. तारेखालचं गवत दर आठ दिवसांनी कापलं नाही तर मात्र मशीन असून नसल्यासारखीच; बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. कडेने काटेरी करडईचे चार-पाच तास पेरण्याची जुनी रीत डुकरांना बऱ्यापैकी अडवते. डुक्कर किंवा रोही मारण्यासाठी वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि फासे किंवा विष यांना तर कशानेच माफी नाही.

डोंगरावर

वर सातपुड्यात, जामन्या, लंगडा आंबा यांसारख्या यावल अभयारण्यातल्या पाड्यांवर, किंवा शिरपूरच्या बाजूला, गोष्ट वेगळी आहे. तिथल्या पावरा, भिल्ल आणि तडवी माणसाला जनावरांसोबत राहायला शिकवण्याचा आव आणू नये. वाघदेवाला मानणारी ही माणसं आहेत. तिथे मुख्य गाठ पडते ती अस्वलाशी, आणि तीही मोहाच्या झाडाखाली. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे गळतात, वेचायला माणूस पहाटेच जातो आणि अस्वलालाही तीच फुलं हवी असतात. उजाडल्यावर जा, दोघं-तिघं मिळून जा, झाडाच्या बऱ्याच अलीकडून हाका मारत जा. अस्वलाची नजर अधू असते. अचानक जवळ गेलात तर ते घाबरून हल्ला करतं आणि वार तोंडावर करतं. अंगावर आलंच तर पालथं पडून मान आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून घ्या.

मोहाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करण्याची सवय मात्र बदलायला हवी. उन्हाळी वणव्यांचं हे एक नेहमीचं कारण. वणव्यात गवत जातं, ससे-तितर जातात, नाल्यातलं उरलंसुरलं पाणी उघडं पडून आटतं, आणि मग वरचं जनावर खाली केळीत उतरतं. खराट्याने झाडून किंवा झाडाखाली जुनी साडी अंथरून फुलं गोळा करता येतात. फुलं स्वच्छही राहतात आणि भाव बरा मिळतो. याच डोंगररांगेत शहाद्याजवळ 1997 मध्ये रानपिंगळा पुन्हा सापडला, जगाने शतकभर नाहीसा समजलेला पक्षी. तो साग-सालईच्या ढोलीत राहतो, त्यामुळे वाळकं म्हणून तोडलेलं प्रत्येक जुनं झाड कोणाचं तरी घर असू शकतं.

नुकसान झाल्यावर

भरपाई सरकारची मेहेरबानी नाही. ती बुडते ती बहुधा कागदामुळे, म्हणून हे नीट वाचा. जनावर मारलं गेलं तर 48 तासांच्या आत जवळच्या वनकर्मचाऱ्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. ओढून गोठ्याबाहेर टाकलं की बिबट्याने मारलं की कुत्र्यांनी, हे ठरवता येत नाही आणि दावा तिथेच मोडतो. जखमांचे, दातांच्या खुणांचे, आजूबाजूच्या ठशांचे फोटो लगेच काढा. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार गाय, बैल, म्हैस यांच्यासाठी बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार रुपये यांतली कमी रक्कम मिळते. शेळी-मेंढीसाठी ही मर्यादा 15 हजार आहे. पिकाचं नुकसान असेल तर तीन दिवसांच्या आत लेखी अर्ज, सोबत सात-बारा आणि बँक पासबुकाची प्रत. ई-पीक पाहणीत पीक नोंदवलेलं असेल तर वाद कमी होतात. निम्म्या वाट्याने वावर करणाऱ्याच्या नावावर उतारा नसतो, त्याच्यासाठी मालकाने स्वतः अर्ज करून मिळालेली रक्कम त्याला द्यावी.

माणूस दगावला तर वारसांना 25 लाख रुपये मिळतात, काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदत ठेवीत. वारसांची कागदपत्रं, बँक खातं आणि शवविच्छेदन यासाठी त्या घराला त्या दिवसांत सुचत नसतं. परप्रांतातून, मध्य प्रदेशातल्या खरगोन-बडवानीकडून आलेल्या मजुरांकडे तर इथले कागदच नसतात. हे काम पोलीस पाटील आणि मालकाने अंगावर घ्यावं. जखमी झालेल्याने, ओरखडा साधा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्यावी. कोल्हा, लांडगा, वानर, मुंगूस यांच्या चाव्यालाही हाच नियम. उपचाराची सगळी बिलं जपून ठेवावी.

दसऱ्यानंतर कापूस वेचायला आणि बागा कापायला टोळ्या खाली उतरू लागतील. त्याआधी, पोळा झाला की लगेच, आपल्या वावरातल्या झोपडीला दार बसवून घ्या, ओट्याला जाळी मारा, दिवा लावा, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत तीन आकडे रंगवा: वनविभाग 1926, रुग्णवाहिका 108, महावितरण 1912. ज्याला वाचता येत नाही त्याच्या फोनमध्ये ते स्वतः टाकून द्या.